मायक्रॉनने खोडलेली ओळ

खिडकीपाशी आल्यावर तो लगेच बोलायचा नाही. बाकीची मुलं जाळीतून हात आत घालून "मॅडम, मॅडम" करत असायची आणि हा भिंतीजवळच्या स्टुलावर फाइल मांडीवर घेऊन बसून राहायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, उन्हातून आलाय, चक्कर येत असेल. आमचे शिपाई बबनराव यांना पाणी द्यायला सांगितलं. पाणी पिऊन त्याने ग्लास परत केला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "दहा मिनिटं होऊ द्या मॅडम. बाहेरून आलेला जॉब लगेच मोजत नसतेत. तापमानाला येऊ द्यावा लागतंय."

मी एका कॉलेजच्या पात्रता विभागात आहे. एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश घेणारा प्रत्येक जण माझ्या खिडकीतून जातो. अटी मला पाठ आहेत. बी.एस्सी.ला शेवटच्या वर्षी फिजिक्स मुख्य विषय आणि किमान निम्मे गुण, प्रवेश परीक्षा, आधीच्या कॉलेजचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून आला असेल तर मायग्रेशन, मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, नोकरीत असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र. लागतील तेवढे कागद असले की मी शिक्का मारते. एक जरी कमी असला तर मारत नाही. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं, आणि मला ते बरं वाटतं.

तो मूळचा हिंगोलीकडचा. तिकडच्याच एका कॉलेजातून बी.एस्सी. झाला आणि चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत लागला. बायकोसह चऱ्होलीत एका खोलीत राहायचा. त्याचं काम मोजायचं होतं. पण गिअर नव्हे, तर गिअर मोजायची साधनं. ती स्वतः बरोबर आहेत की नाहीत हे हा तपासायचा. त्यासाठी कंपनीत एक बंद खोली असते, तिला गेजरूम म्हणतात. तिथे बारा महिने वीस डिग्री तापमान. बाहेरून आलेली वस्तू, त्यांच्या भाषेत जॉब, आधी त्या खोलीत नुसती ठेवायची, ती वीस डिग्रीला आली की मग मोजायची. कारण उन्हातलं लोखंड आणि सावलीतलं लोखंड यांची लांबी एक नसते. हे सगळं मला त्याच्याकडूनच कळलं. कंपन्यांच्या मधोमध राहून मला त्यांच्या बसगाड्यांचे रंग तेवढे माहीत होते.

मायक्रॉन हे नाव बबनरावांनी ठेवलं. फॉर्मवरचा फोटो चौकटीच्या जरा बाहेर गेला होता म्हणून हा नवा फोटो चिकटवायची परवानगी मागत होता. मी म्हटलं, "अहो, एवढ्याने काही होत नाही." तर म्हणाला, "एवढं म्हणजे किती, मॅडम? डोक्याचा केस सत्तर मायक्रॉन असतोय. मी त्याचा सत्तरावा भाग मोजतो. हा फोटो दोन मिलिमीटर बाहेर हाय, म्हंजे दोन हजार मायक्रॉन." बबनराव पुनावळ्याचे. जमीन गेली, बंगला आला, तरी घरी बसवत नाही म्हणून नोकरी धरून राहिलेले. ते हसून हसून खोकले. "मायक्रॉनराव, आमी शेतं मोजली ती पावलानं. चार पावलं इकडं-तिकडं व्हायची, कोण मेलं न्हाई त्यानं." दुसऱ्या दिवसापासून, "मॅडम, आलं बगा तुमचं मायक्रॉन," असं सुरू झालं. त्याला ते कळलं होतं. राग आला नाही. एकाने एक नाव ठेवलं तर ते मान्य करायला त्याची हरकत नव्हती.

पहिल्या वर्षी त्याच्याकडे मायग्रेशन नव्हतं. त्यासाठी दोनदा रजा टाकून तो जुन्या विद्यापीठात जाऊन आला, पण कागद हातात पडेपर्यंत आमची मुदत संपली. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी या." असं मी दरवर्षी कितीतरी जणांना सांगते. बहुतेक जण येत नाहीत. हा आला.

त्या पहिल्याच वर्षी मी त्याला विचारलं होतं, की चांगलं काम आहे, पस्तिशी जवळ आली, आता एम.एस्सी. कशाला? मास्तर व्हायचंय का? म्हणाला, "न्हाई मॅडम. तेवढं आता व्हायचं न्हाई. रोज मोजतो, पण जे मोजतो ते असं का, हे बी.एस्सी.त निम्मंच सांगितलं. उरलेलं ऐकायचंय." मला हे कारण पुरेसं वाटलं नाही, पण कारण विचारायची अट आमच्या यादीत नाही.

दुसऱ्या वर्षी मायग्रेशन होतं, परीक्षेत तो गुणवत्ता यादीत पाचवा होता, फक्त गॅपचा कागद राहिला होता. दहा वर्षांचा गॅप. हा कागद मिळायला काही लागत नाही. तहसील कचेरीबाहेर टाइप करणारे बसतात, त्यांच्याकडे मजकूर तयार असतो, नाव आणि वर्षं घातली की झालं. त्यात एक ओळ असते : 'वरील कालावधीत मी घरीच होतो व कोठेही नोकरी केलेली नाही.' मायक्रॉनने तो कागद आणला, दहा मिनिटं बसला आणि माझ्यापुढे ठेवला. त्या ओळीवर एकच आडवी रेघ होती, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नोकरी केली. गेजरूम, चाकण.' शेजारी सही आणि तारीख.

"हे काय केलंत?"

"दुरुस्ती. आमच्यात व्हाइटनर चालत नसतंय. जुनं रीडिंग दिसलं पाहिजे, नवं दिसलं पाहिजे, कुणी बदललं ते दिसलं पाहिजे."

"नोटरीचा शिक्का झाल्यावर खाडाखोड केली की कागद बाद होतो."

"मग दुसरा करतो. शिक्क्याच्या आधी खोडतो."

"खोडूच नका. ही ओळ राहू द्या. सगळे हीच देतात."

"सगळे घरीच होते?"

बबनराव मधे पडले. "न्हाई वो, आजकाल घरी कोण बसतंय? पर कागदावर समदी घरीच अस्त्यात."

त्याला ते पटलं नाही. नोकरी केली असं लिहायचं तर मालकाचं ना-हरकत पत्र हवं, हे मी त्याला सांगितलं. "आणतो की," म्हणाला. चार दिवसांनी आला तेव्हा दहा मिनिटं उलटून गेली तरी स्टुलावरून उठला नाही. मीच हाक मारली.

"कंपनी म्हणती, तू आमचा न्हाईस, ठेकेदाराचा हाईस. ठेकेदार म्हणतोय, तू माझ्याकडं गेल्या सप्टेंबरपासून हाईस, आधीचं मला काय माहीत. त्याच्या आधीच्या तिघांचे फोन लागत न्हाईत." थोडा वेळ तो फाइलची दोरी गुंडाळत राहिला. "आणि ठेकेदाराच्या कागदावर मी हेल्पर हाय."

दर वर्षा-दोन वर्षांनी ठेकेदार बदलत गेले होते. खोली तीच, खुर्ची तीच, माणूस तोच. रजिस्टरात रोज त्याची सही. ती रजिस्टरं कंपनीच्याच कपाटात. "दहा वर्षं होतो मॅडम," तो म्हणाला. "पण मी होतो असं म्हणायला कुणी तयार न्हाई, आणि नव्हतो असं मला म्हणता येईना."

मुदत संपली. पाचव्या क्रमांकाची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. तिचे सगळे कागद बरोबर होते.

तिसऱ्या वर्षी त्याच्याआधी त्याची बायको आली. पॅकिंगच्या कामावरून थेट आली होती, डोक्याची जाळीची टोपी काढायची राहिली होती. तिने आधी तक्रारी सांगितल्या. "दूध उतू गेलं तर किती उतू गेलं, ते विचारतेत. माझ्या भाकरीला फूटपट्टी लावत न्हाईत एवढंच." मी हसले. ती हसली नाही. "मॅडम, तिसऱ्यांदा परीक्षा पास झालेत. आता चौथ्यांदा बसायचे न्हाईत ते, मला माहीत हाय. जेवताना घास हातात घेऊन बसतेत. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. तुमीच सांगा सही करायला. सगळेच करतेत की."

मी सांगितलं. माझ्याच सांगण्यावरून त्याने न खोडलेला, अजून सही न केलेला कागद आणला, तेव्हा मी त्याला खिडकीतून हाक मारून आत बोलावलं. "हे बघा, हा कागद कुणी वाचत नाही. पंचवीस वर्षांत फाइलला लागलेला गॅपचा कागद पुन्हा कुणी उघडलेला मी पाहिलेला नाही. कपाटात जातो आणि संपतो. तुम्हाला शिकायचंय की नाही?"

तो बाहेर जाऊन स्टुलावर बसला. बबनराव म्हणतात, पाऊण तास बसला होता. मग नोटरीकडे गेला, सही करून शिक्का घेऊन आला. सही नेहमीसारखी पूर्ण नावाची होती. कागद देताना म्हणाला, "मॅडम, हे रीडिंग मी घेतलेलं न्हाई. तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलंय."

"चालेल," मी म्हटलं आणि शिक्का मारला.

पुढचे अडीच महिने मी त्याला रोज बघत होते. सकाळी आठला वर्ग, दुपारी एकला सुटला की बस पकडून चाकणला दुसरी शिफ्ट. ही शिफ्ट कायम मिळावी म्हणून त्याने कंपनीत अर्ज दिला होता आणि अर्जाला प्रवेशाच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. फक्त फीची पावती जोडली असती तरी भागलं असतं. पण अर्धा संच द्यायची त्याला सवय नव्हती.

वर्गातली मुलं त्याला काका म्हणायची. प्रयोगशाळेतलं एक जुनं मोजायचं साधन शून्यावर असताना शून्य दाखवत नाही, हे त्याने पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. त्याआधी कितीतरी वर्षं मुलं त्यावरून पुस्तकाबरहुकूम उत्तर काढत होती. सरांनी विचारलं, ते कसं? एका मुलीने सांगून टाकलं, "सर, उत्तर आधी लिहितो आणि रीडिंग मागून भरतो." वर्ग हसला. मायक्रॉन हसला नाही, असं ती मुलगीच मला खिडकीशी सांगत होती. त्याला ते बहुतेक कळलंच नव्हतं.

एकदा मात्र तो दहा मिनिटं न बसता सरळ खिडकीशी आला. "मॅडम, लोखंड गरम झाल्यावर का वाढतं, ते आज सरांनी सांगितलं. बी.एस्सी.त एक वाक्य होतं. आज दीड तास." मी भिडेखातर विचारलं, का वाढतं? त्याने दोन्ही मुठी समोरासमोर धरल्या. "आतले अणू सारखे हालत असतेत. एकमेकांच्या जवळ यायला त्यांना जड जातंय, लांब जायला सोपं. जास्त तापले की जास्त हालतेत, आणि मधलं अंतर वाढत जातंय." बबनराव टपालाची पाकिटं लावत होते. वर न बघता म्हणाले, "माणसांवानीच हाय की." मायक्रॉन मोठ्याने हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

दिवाळीच्या आधी कंपनीने ठेकेदाराची सगळी माणसं कमी केली. गेजरूमसाठी नवं यंत्र आलं होतं, आणि ते चालवायला नवा ठेकेदार. चौदा जण कामगार कार्यालयात गेले. आम्ही एवढी वर्षं सलग याच कंपनीत काम केलं आहे, आम्हाला कायम करा, असा त्यांचा अर्ज. कागद कुणाकडेच नव्हते. होती ती गेजरूमची रजिस्टरं आणि त्यांतल्या मायक्रॉनच्या सह्या. कोण कोणत्या दिवशी कोणतं साधन तपासायला घेऊन आला, हे प्रत्येकाच्या नावानिशी त्यानेच लिहून ठेवलेलं. बाकीच्या तेरा जणांचा तोच साक्षीदार होता.

पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलाने एक झेरॉक्स पुढे केली. 'वरील कालावधीत मी घरीच होतो व कोठेही नोकरी केलेली नाही.' खाली मायक्रॉनची पूर्ण नावाची सही. शिफ्टच्या अर्जाला त्याने स्वतः जोडलेली.

"भावा, तू काय लिहून दिलंस हे?" बाहेर आल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला म्हणे.

हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, ते हातात एक अर्ज घेऊन. आधी तो नेहमीप्रमाणे दहा मिनिटं बसला होता. अर्जात चार ओळी होत्या. प्रतिज्ञापत्रातली ओळ चुकीची आहे, त्या काळात मी नोकरीत होतो, तरी नोंद दुरुस्त करावी.

मी अर्ज वाचला आणि त्याच्यापुढे परत सरकवला. "हा मी आत पाठवला तर प्रवेश रद्द होईल. दुरुस्ती असा प्रकार आमच्याकडे नाही. एक तर कागद खरा, नाही तर प्रवेश नाही."

"पाठवा."

"अहो, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. पदवी हातात पडू द्या, मग काय लिहायचं ते लिहा."

"पुढची तारीख पंधरा दिवसांवर हाय. मी साक्षीला उभा ऱ्हायलो की पहिला प्रश्न ह्योच. तेरा लोक माझ्या सहीवर उभे हैत मॅडम."

मी म्हटलं, "मग असं तरी लिहा, की ऑफिसने सांगितलं म्हणून लिहिलं."

त्याने अर्ज पुन्हा माझ्याकडे सरकवला. "सही माझी हाय."

मी आग्रह केला नाही. माझ्या नोकरीची सहा वर्षं राहिली होती. अर्ज आत गेला, आठवड्यात आदेश आला, 'खोट्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे घेतलेला प्रवेश रद्द करण्यात येत आहे.' आमच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे तो लाल शाईने मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून असले शेरे माझ्याकडेच येतात.

त्या अर्जाचा त्याला उपयोगही झाला नाही. पुढच्या तारखेला वकिलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, दोन्हींवर सही यांचीच आहे, यांतली खरी कोणती? गेजरूमची रजिस्टरं मागवली, तर कंपनी म्हणाली, नवं यंत्र आल्यावर जुना कागद रद्दीत गेला. पुढची तारीख पडली. मग त्याच्या पुढची. माझ्या माहितीप्रमाणे अजून पडतेच आहे. चौदांपैकी बहुतेक जण दुसरीकडे ठेकेदाराकडेच लागले.

शेवटचा तो आला उन्हाळ्याच्या तोंडाला, मूळ कागद परत न्यायला. बसला नाही. बबनरावांनी स्टूल पुढे केलं, म्हणाले, "टेका की मायक्रॉनराव, गरमीचं आलाय." तो उभाच राहिला. मी एकेक कागद काढून दिला. गुणपत्रिका, परीक्षेचा निकाल, दाखला, मायग्रेशन. त्याने प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी बघून फाइलला लावला. बायको आठवड्यापूर्वीच हिंगोलीला गेली होती. हाही त्याच दिवशीच्या गाडीने निघणार होता.

जाता जाता तो थांबला. "मॅडम, एक विचारायचं होतं. पुन्हा कधी फॉर्म भरायचा झाला तर या अडीच महिन्यांचं काय लिहायचं?"

"म्हणजे?"

"प्रवेश रद्द झाला, म्हंजे मी कॉलेजात नव्हतो. कंपनी म्हणती, तिथंबी नव्हतो. आणि घरी तर नव्हतोच. मग गॅपमध्ये काय लिहायचं?"

तो टोमणा मारत नव्हता. टोमणा त्याला येत नसे. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि या खिडकीत ते मिळतं अशी त्याची समजूत होती. मी म्हटलं, "या तर खरं, मग बघू." त्याने मान हलवली. फाइलची दोरी नीट गुंडाळली आणि गेला.

पुढच्या जूनमध्ये तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बबनराव निवृत्त व्हायच्या आधी दोन-तीनदा म्हणाले, "मायक्रॉन न्हाई आलं अवंदा." मी म्हटलं, नाही. त्याचा फोन नंबर जुन्या फॉर्मवर आहे. मी लावलेला नाही. लावून सांगायचं काय?

गॅपचे कागद मी पूर्वी वाचत नसे, आता वाचते. यंदा अकरा आले. अकराही जण घरीच होते. त्यांच्यातल्या एका मुलाच्या गळ्यात चाकणच्या कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं, पहिल्या शिफ्टवरून तो थेट आला होता. मी ती ओळ वाचली आणि त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, काहीतरी चुकलं. "काय झालं मॅडम? कागद बरोबर नाही का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "ते गळ्यातलं आत घाल."

त्याने ओळखपत्र शर्टाच्या आत टाकलं. मी शिक्का मारला.